वर्गातल्या मुलीचा व्हिडिओ सगळ्यांना हवाय. द्यायचा का, आणि द्यायचा तर कसा?

डोंगरपट्टा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो. प्रश्न दोन ओळींत मांडला की "टाका हो बिनधास्त" नाहीतर "अजिबात नको" एवढंच उत्तर येतं, आणि ती दोन्ही उत्तरं मला शाळेच्या ओट्यावरच मिळून झाली आहेत.

मी बीड जिल्ह्यात [संपादन: तालुका काढला, कारण खालच्या पहिल्या प्रतिसादात] डोंगरावरच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दिवाळी झाली की आमच्या पटावरच्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. मुलं मागे राहतात ती आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. जी आईबापाबरोबर जातात ती एकदम कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, दिसतात, केस तांबडे झालेले आणि पाढे विसरलेले.

तर तिसरीतली एक मुलगी. गेल्या हंगामात फडावर, ऊस तोडायच्या शेतावर, होती, यंदा आजीने ठेवून घेतली. मागच्या आनंददायी शनिवारी मी नकलांचा तास घेतला. कुणी बोकड केला, कुणी एसटीचा कंडक्टर, एकाने माझीच नक्कल केली (चश्मा पुसण्याची, बरी जमली). ही उठली आणि तिने मुकादम केला, म्हणजे उचल (आगाऊ पैसे) देऊन ऊसतोडीची टोळी नेणारा.

ओढणी उपरण्यासारखी खांद्यावर. फळा पुसायचं डस्टर कानाला लावलेलं, तो मोबाइल. "हां ताई, हां. उचल घरपोच देतो ना ताई. तुमी फकस्त अंगठा द्या." मग ओढणी कंबरेला बांधली, दोन पावलं पुढं आली आणि बाकावरच्या पोराला पायानं ढोसलं. "ए! ऊठ! गाडी लागली! ताप? ताप-बीप काय नाय, खाडा पडंल!" वर्ग हसून लोळतोय. आणि मग एकदम स्वतःच्या आवाजात, आमच्याकडं बघून, "दिवाळीला मपल्या मायला ताई म्हणतो, फडात गेलं की ए म्हणतो." आणि जाऊन जागेवर बसली.

हे सगळं माझ्या मोबाइलमध्ये आहे. सव्वादोन मिनिटं. सहकारी सरांना दाखवलं, त्यांनी शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रप्रमुखांना (या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) सांगितलं, आणि तिथून सुरू झालं. केंद्रप्रमुखांना जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकायचाय, "आपल्या केंद्राचं नाव होईल." सरपंचांना गावाचं नाव व्हायला हवंय. आणि लाखभर फॉलोअर असलेल्या एका पेजवाल्याचा रोज फोन, "सर, नुसता पाठवा, चेहऱ्यावर पट्टी आम्ही टाकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे क्लॅरिटी राहील."

तिघांच्याही मनात वाईट काही नाही, हे मी जाणून आहे. आमची एक खोली पावसाळ्यात गळते. पोरांचे व्हिडिओ गाजले म्हणून शाळांना प्रोजेक्टर मिळालेले, पत्रे मिळालेले मी पाहिलेत. लोभ मलाही आहे.

पण तो मुकादम शेजारच्याच वस्तीवरचा आहे. पोरीने त्याची चालसुद्धा उचलली आहे, बघताक्षणी ओळखेल. मुलीचा बाप त्याच्याकडून उचल घेऊन आत्ता त्याच्याच टोळीत ऊस तोडतोय. उचल फिटलेली नाही. व्हिडिओ गाजला तर इथे बसून टाळ्या वाजवणाऱ्याचं काही जाणार नाही. तिथे कोपीत, फडावरच्या झोपडीत, राहणाऱ्या त्या जोडीला पुढचे तीन महिने त्याच माणसाच्या हाताखाली काढायचेत.

मी बापाला फोन लावला. सगळं सांगितलं, मुकादमाचंही. तो म्हणाला, "तुमी म्हनताल तसं, सर."

इथं अडलोय. कागदावर पालकाची परवानगी मिळाली. पण बोनाफाईड माझ्या सहीने निघतं, शिष्यवृत्तीचा अर्ज मीच भरतो, हजेरी माझ्याच हातात. तो माणूस मला "नको" म्हणेल कसा? मुकादमाला अंगठा देताना तो ज्या आवाजात "हो" म्हणाला असेल, त्याच आवाजात मलाही म्हणाला, असं वाटून गेलं.

तर सांगा. चेहरा झाकला की पुरतं का? हा होकार धरायचा का? आणि कायद्याचं काय, कारण ते विचारलं की सगळे गप्प बसतात.

---

कोरडा_किबोर्ड

सर, आधी तुमच्याच प्रश्नापासून सुरुवात करतो, राग मानू नका. तुम्ही तालुका लिहिलाय, वस्तीवरची शाळा, वर्ग तिसरी. प्रत्येक शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी नोंदीच्या) संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तालुका निवडून छोट्या शाळा चाळायला एक चहा होईपर्यंतचा वेळ लागेल. त्यात फडावरून आलेली, यंदा आजीजवळ राहिलेली तिसरीतली मुलगी म्हणजे एकच उरणार. नाव कुठेच लिहिलेलं नाही आणि तरी ती सापडली. तालुका काढून टाका.

व्हिडिओचं नेमकं असंच होतं. लोक चेहरा झाकतात आणि मागची भिंत तशीच ठेवतात. भिंतीवर शाळेचं नाव, केंद्र, तालुका, यू-डायस क्रमांक, सगळं ऑइलपेंटने रंगवलेलं. गळ्यात ओळखपत्र. फळ्यावर वार, दिनांक, पट, उपस्थिती. खिडकीतून दिसणारा डोंगर आणि पवनचक्की. तुमच्या भागात पवनचक्क्या बऱ्याच आहेत, कुठल्या बाजूला किती दिसतात यावरूनही गाव काढणारे लोक असतात, चेष्टा नाही.

आता पट्टीविषयी. फोटोवर धूसर करणारं ब्रश वापरू नका, गच्च काळा चौकोन टाका. फोनमधला हायलायटर किंवा मार्कर तर मुळीच नको, तो अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की खालचं दिसतं. व्हिडिओत चेहरा हलतो, चौकोन त्याच्यामागे धावतो आणि एखाद्या ठिकाणी चुकतो. सेकंदाला ३० चित्रं असतात. त्यातल्या एका चित्रात चेहरा उघडा राहिला तरी स्क्रीनशॉट घेणाऱ्याला तेवढं पुरतं. पाठीमागून उजेड घेऊन सावलीसारखं चित्रण करायचं हा टीव्हीवाल्यांचा जुना प्रकार, पण फोनवर काढलेल्या अशा चित्रणात काळोखातही बरंच काही साठलेलं असतं, ते उजळून निघतं.

कापलेला भाग गेलाच असंही धरू नका. मार्च २०२३ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनमधला दोष उघड झाला होता. स्क्रीनशॉट कापून साठवला तरी कापलेला भाग फाइलच्या शेपटाला राहत होता आणि परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तोच घोळ सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी लोकांनी पाठवलेल्या फाइली जिथे जायच्या तिथे गेल्या.

आणि "डॉक्युमेंट म्हणून पाठवा". व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो-व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि कुठे काढला ती ठिकाणाची नोंद त्यातून निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल आहे तशी जाते, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशांसकट. पेजवाल्याला क्लॅरिटीच हवी असेल, मानतो. पण "पट्टी आम्ही टाकतो" याचा अर्थ उघडा चेहरा, आवाज, भिंत, सगळं आधी त्याच्याकडे जाणार. त्याचा फोन उद्या दुरुस्तीला गेला, पेज विकलं गेलं (पेजं विकली जातात, हजारांत आणि लाखांत), तर? झाकायचं ते तुमच्या फोनवर झाकून, नवी फाइल बनवून, तीच द्यायची. मूळ कुणालाच नाही.

पण सर, खरं सांगू? तुमच्या व्हिडिओत झाकून उपयोग नाही. ती ओळखू येणार ती आवाजावरून आणि नकलेवरून. आवाज बदलला तर नक्कल गेली. आणि मुकादमाला चेहऱ्याची गरजच नाही, त्याला स्वतःची चाल कळणारच.

---

काळा_कोट

कायदा थोडक्यात, कारण थोडकाच आहे.

गोपनीयता हा मूलभूत हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात १८ वर्षांखालच्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. शिवाय एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या गोष्टींना हा कायदा लागत नाही. लाखभर फॉलोअर आणि जाहिराती असलेलं पेज घरगुती म्हणवून घेणं मात्र अवघड.

पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात, पण ती पीडित, साक्षीदार किंवा चौकशीत असलेल्या मुलांसाठी. तुमच्या विद्यार्थिनीला सरळ लागू नाहीत. नकलेत मुकादमाचं नाव येत असेल तर त्याला बदनामीची तक्रार करता येईल, भारतीय न्याय संहिता कलम ३५६. टिकेल की नाही हा भाग वेगळा, पण नोटीस टाकणाऱ्याच्या नावाने येणार.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळची गोष्ट वेगळीच आहे. सामान्य प्रशासन विभागाचा २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय, कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावरचा. जिल्हा परिषदांनाही लागू आहे. शासकीय मालमत्ता, इमारत दाखवणारे फोटो-रील वैयक्तिक खात्यावर टाकण्यावर त्यात बंधनं आहेत. वर्गखोली शासकीय इमारतच. आज कौतुक करणारे केंद्रप्रमुख उद्या खुलासा मागायला येतील तेव्हा हाच कागद घेऊन येतील. तोंडी "टाका" म्हणतात ना, त्यांना म्हणा लेखी द्या.

"तुमी म्हनताल तसं" ही संमती नाही, हे सांगायला कलम लागत नाही.

---

सरळ_बोलतो

मला हे सगळं पटत नाही. पोरगी निर्भीडपणे खरं बोलली आणि आपण मोठी माणसं मिळून तिला गप्प कसं करायचं याचा विचार करतोय. मुकादम घाबरायला हवा की मास्तर? असले व्हिडिओ बाहेर आले नाहीत म्हणूनच उचलीचा धंदा वर्षानुवर्षं चाललाय. जगाला कळू द्या. कळलं तर तिच्या आईबापाच्या पाठीशी चार लोक उभे राहतील.

---

डोंगरपट्टा

@सरळ_बोलतो, तुमचा राग समजतो, मलाही येतो. पण ते चार लोक फडावर पोहोचणार कधी? व्हिडिओ दुपारी गाजला की संध्याकाळी मुकादम कोपीच्या दारात. तुमचे चार लोक कमेंटमध्ये.

आणि उचलीविषयी जगाला कळलेलं नाही असं नाही हो. अहवाल आहेत, अधिवेशनात चर्चा झाल्यात, कामगारांसाठी महामंडळ आहे. आठ वर्षांच्या पोरीने सांगितल्यावरच आपल्याला कळणार असेल तर कमी कुठे आहे ते बघा.

---

जुना_उपसंपादक

मराठवाड्यातच एका दैनिकात डेस्कवर आयुष्य गेलं. दोन गोष्टी.

पहिली. व्हिडिओ गाव सोडतो तेव्हा त्याची गोष्ट त्याच्याबरोबर जात नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. त्या काळात मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपांपैकी एक पाकिस्तानात, कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेवर लोकांना जागं करायला बनवलेल्या फिल्ममधली होती. शेवटचा संदेश कापून तेवढं अपहरणाचं दृश्य फिरवलं. बनवणाऱ्यांचा हेतू अगदी तुमच्यासारखा, मुलांच्या भल्याचा. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली आणि पुढे २०२० मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. वेग कमी झाला असेल. कापाकापी थांबली नाही. तुमच्या सव्वादोन मिनिटांतला "ए! ऊठ!" एवढाच तुकडा कापला तर उरते पोराला लाथ मारणारी पोरगी आणि मागे जिल्हा परिषद शाळा. वर काय ओळ लिहितील ते तुम्हीच सांगा.

दुसरी. कौतुकसुद्धा माणसाला जागेवरून उठवतं. जानेवारी २०२५ च्या महाकुंभात मध्य प्रदेशातल्या महेश्वरहून माळा विकायला आलेली ती मुलगी आठवते? डोळे सुंदर म्हणून देशभर गाजली. कुणी तिला शिवी दिली नव्हती, सगळे प्रेमानेच मोबाइल घेऊन धावत होते. त्या गर्दीत माळा विकणं होईना, शेवटी घरच्यांनी तिला मेळा अर्धा सोडून गावी परत पाठवलं.

डेस्कवर आम्ही एक बघायचो. बातमीतून नाव काढलं आणि बातमी तितकीच उभी राहिली तर नाव छापायचं नाही. नाव काढल्यावर पडत असेल, तर मात्र छापायच्या आधी त्या माणसाच्या दारात जाऊन विचारायचं, फोनवर नाही. सगळे पाळायचे असं म्हणणार नाही.

जाता जाता, पैशाचं. व्हिडिओ गाजला की "मुलीला मदत करा" म्हणून कुणीतरी तिचाच फोटो लावून स्वतःचा क्यूआर कोड फिरवतो. असे प्रकार सर्रास होतात. मग गावात चर्चा, एवढे पैसे आले, गेले कुठे? बाप फडावर, आजी निरक्षर. उत्तर तुम्ही देणार.

---

फडावरची_पोर

एरवी नुसती वाचते, आज लिहिते.

माझेही आईवडील कोयत्यावर होते. सहावीत असताना एका संस्थेचे लोक वस्तीवर आले. चांगली माणसं होती, वह्या दिल्या, दप्तर दिलं. माझा फोटो काढला, डोक्यावर मोळी घेऊन. मोळी माझी नव्हती, त्यांनीच उचलायला लावली, कारण आईच्या मोळीखाली माझा चेहरा दिसत नव्हता. आईला विचारलं, आई म्हणाली काढा की.

तो फोटो त्यांच्या पत्रकावर आला, मग वेबसाइटवर. खाली माझं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि "शिक्षणापासून वंचित". मी तेव्हा शाळेत जात होते. दुसरा नंबर होता.

पुढे नर्सिंगला शहरात आले. होस्टेलवर एका मैत्रिणीने सहज माझं नाव टाकून शोधलं आणि पहिला तोच फोटो आला. तिने सगळ्यांना दाखवला, चांगल्या मनाने, "बघा ही कुठून कुठे आली." त्या दिवसापासून मेसमध्ये माझ्या ताटात जास्त वाढायला लागले. हसू नका. दोन वर्षं मी "ती ऊसतोडवाली" होते. मला आईबापाच्या कामाची लाज नाही, आजही नाही. पण ते कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे मला ठरवायचं होतं. ते सहावीतच कुणीतरी ठरवून टाकलं.

संस्थेला मेल केला. एकदा नाही, पाठपुरावा केला. शेवटी वेबसाइटवरून काढला त्यांनी. पण लोकांनी उचलून लावलेले बाकीच्या ठिकाणी आहेतच. ऊसतोडीवर कुणी लेख लिहिला की मी अजून कुठेतरी मोळी घेऊन उभी असते.

सर, तुमची विद्यार्थिनी माझ्यापेक्षा हुशार दिसते. तिला मुकादम जमला म्हणजे पुढे बरंच काही जमेल. एक विचारते, तुम्ही बापाला विचारलंत, आजीला विचारलंत का? आणि तिला?

---

टोरांटोकर_आई

आमच्याकडे शाळा दरवर्षी सुरुवातीला फॉर्म पाठवते. मुलाचा फोटो वर्गात लावला तर चालेल का, शाळेच्या साइटवर चालेल का, वर्तमानपत्रात चालेल का, प्रत्येकापुढे वेगळी खूण करायची. "नाही" वर खूण केली म्हणून कुणी विचारत नाही का ते. वर्षाच्या सुरुवातीला, व्हिडिओ हातात नसताना विचारतात, हे मला जास्त बरं वाटतं. व्हिडिओ गोड आहे, सगळे मागे लागलेत, अशा वेळी नाही म्हणणं शिकलेल्या आईबापालाही जड जातं.

---

डोंगरपट्टा

सगळ्यांचे आभार. थोडं झालेलं सांगतो.

@फडावरची_पोर, ताई, तुमचं वाचून संध्याकाळी वस्तीवर गेलो. आजीला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. म्हातारी आधी खूप हसली, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्याच्याच गाडीत सामान येनार हाय की मास्तर, पट्टा पडल्यावर." बापाला फोनवर जे बोलता आलं नव्हतं ते आजीने एका वाक्यात सांगून टाकलं.

पोरीलाही विचारलं. ती म्हणाली, मुकादमाला सोडून सगळ्यांना दाखवा. मी म्हटलं, बाई, तेवढंच तर या मोबाइलला जमत नाही. त्यावर तिचा प्रश्न, "मग मोबाइल काय कामाचा?"

व्हिडिओ द्यायचा नाही हे ठरलं. सहकारी सरांच्या फोनवर गेला होता तो त्यांनी माझ्यासमोर काढला. गॅलरीतून काढल्यावर गुगल फोटोजमध्ये आपोआप चढलेली प्रत वेगळी होती, ती @कोरडा_किबोर्ड यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं म्हणून सापडली. कचरापेटीतूनही काढावी लागते हेही त्यांनीच सांगितलं.

नक्कल वाया घालवायची नाही. ती मी लिहून काढली. तिच्याच शब्दांत, पण मुकादमाची चाल काढली, त्याच्या तोंडातला एक ठरलेला शब्द होता तो काढला, मायचं नाव एकदा येत होतं ते काढलं. स्नेहसंमेलनात चौथीची पोरं नाटुकली म्हणून करणार आहेत. मुकादम चौथीतला मुलगा, आणि टोळीत ही, घोंगडं पांघरून झोपणारी. तिचीच मागणी, "मला झोपायचं काम द्या." सरपंचांना सांगितलंय की कार्यक्रमाचं चित्रण एकच माणूस करेल. पाळलं जाईल का? गावात ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल, त्यामुळे हमी नाही. पण नाटुकली म्हटल्यावर ती सगळ्या मुकादमांची होते, एकाची राहत नाही, आणि त्यातला मुकादम झालेल्या मुलाचे आईबाप कोयत्यावर जात नाहीत. त्याच्या बापाचं किराणा दुकान आहे, त्याला विचारलं तर त्याने तीन प्रश्न उलट विचारून मग हो म्हटलं. असा होकार मला चालतो.

@टोरांटोकर_आई, तुमच्या फॉर्मसारखं जूनमध्ये पालकसभेत करायचा विचार आहे. फॉर्म मी गोळा करणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष बाईंकडे ठेवीन. मला नाही म्हणायला जड जातं, त्यांना जाणार नाही. त्या गावात कुणाच्याच बोनाफाईडवर सही करत नाहीत.

केंद्रप्रमुखांना लेखी मागितलं. दोन दिवस फोन नाही. @काळा_कोट, तुमचा बाण बरोबर लागला.

पेजवाल्याला मात्र अगदी हात हलवत पाठवलं नाही. गळक्या खोलीचा व्हिडिओ दिला, पोरं नसलेला. छतातून पाणी, खाली बादली, बाकांवर पसरलेल्या ओल्या वह्या, गेल्या जुलैत काढून ठेवलेला. त्याने बघितला आणि म्हणाला, "सर, यात पोरं नाहीत का हो? पोरं असली की चालतं." अजून टाकलेला नाही.

---

कोरडा_किबोर्ड

वह्यांवरची नावं दिसतायत का ते एकदा बघा, आणि इथे टाका. आम्ही पसरवतो. आणि सर, यावेळी भिंतीवरचं शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक सगळं ठळक दिसू द्या. तालुकासुद्धा.